चार दिवस तिचे, दहा दिवस माझे

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं दळणाची ज्वारी निवडत बसलो होतो. ओसरीत पोतं आंथरलेलं, मधी ज्वारीचा ढीग, तिच्या हातात सूप, माझ्यापुढं परात. माझं निवडून झालं की ती माझी परात आपल्या सुपात ओतून घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून निवडायची. खडा सापडला की उचलून माझ्या मांडीवर ठेवायची.

"ह्यो पाचवा," ती म्हणाली.

"अगं, खडा लागायला दात तरी राहिलेत का आपल्याला?"

"दात न्हाईत म्हणून तर. आता खडा थेट पोटातच जायचा. तुमचं पोट मला ठावं हाय."

निवडून झालं. ज्वारी तिनं डब्यात भरली. माझी साखरेच्या आजाराची गोळी तळहातावर ठेवली, पाण्याचा तांब्या दिला आणि मी गिळेपर्यंत तोंडाकडं बघत उभी राहिली. मग म्हणाली, "आ करा." मी आ केला. ही तिची जुनी खोड. बघून समाधान झाल्यावर चहा टाकते म्हणून आत गेली. भांडं पडल्याचा आवाज आला. मी बाहेरून विचारलं, "काय पाडलंस?" उत्तर आलं नाही. सोजरनं उत्तर दिलं नाही असं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

सोजर माझी बायको. ती गेली त्याला आता दोन महिने होतील. मी चौथी शिकलेला माणूस. सगळी नोकरी ढोकीकडच्या साखर कारखान्यात बॉयलरपाशी उसाचा भुसा ढकलण्यात गेली. लिहायची सवय नाही. पण तिच्याबद्दल गावाला चाळीस वर्षं एक गोष्ट खोटी ठाऊक होती, आणि ती माझ्यामुळं खोटी होती. गाव तिला वांझ म्हणायचं. वांझ ती नव्हती. दोष माझ्यात होता.

दिसायला ती बुटकी, काळी, हाडापेरानं मजबूत. अक्षर एक येत नव्हतं, पण हिशेबाला पक्की. दिवस मोजायचे तर भिंतीवर चुन्याचा ठिपका लावायची, रोज एक, मिश्रीच्या बोटानं नव्हे, दुसऱ्या बोटानं. कुणाला तोंडावर 'नाही' म्हणायची नाही. 'बघू' म्हणायची. जावा, शेजारणी, मुकादम, सगळ्यांना ठाऊक होतं की सोजर 'बघू' म्हणाली म्हणजे ते काम होत नसतंय. आणि 'बरं' म्हणाली, तर आभाळ कोसळलं तरी होणार.

लग्नाला सहा वर्षं झाली तरी घरात पाळणा हलेना. माझ्या आईनं तिला नेलं नाही अशी जागा राहिली नाही. येरमाळ्याच्या देवीला नवस झाला, दर्ग्यात धागा बांधला, एका देवऋष्यानं तिला आठ दिवस कडुलिंबाचा रस पाजला. सोजर गुमान पीत राहिली. मग सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईच्या सांगण्यावरून ती आपल्या भावाला घेऊन सोलापूरला गेली. तिथल्या डॉक्टरनं सगळं तपासलं आणि सांगितलं, बाई, तुझ्यात काही नाही. नवऱ्याला आण.

मी दोन वर्षं गेलो नाही. माणसाच्या जातीला कशाला तपासायचं, असं म्हणायचो. शेवटी तिनं मला चादरी घ्यायला म्हणून सोलापूरला नेलं. एसटीतून उतरल्यावर रिक्षावाल्याला दवाखान्याचा पत्ता सांगितला.

"चादरी?" मी विचारलं.

"घेऊ की. आधी पाळणा हाय का बघू, मग पांघरूण."

तपासायला लागतं ते बाटलीत द्यायचं होतं. दवाखान्यात मला ते जमेना, म्हणून जवळच्या लॉजवर खोली घेतली. डॉक्टरांनी बजावलं होतं की बाटली गार होता कामा नये, अंगाच्या उबेला ठेवून अर्ध्या तासात आणा. ती बाटली सोजरनं चोळीत ठेवली, वरून पदर घट्ट ओढला आणि भर बाजारातून पायी निघाली. मी मागं. कोंबडी अंडं उबवते तशी ती चालत होती आणि माझी मान वर होत नव्हती.

डॉक्टरांनी दुर्बिणीत बघितलं. मला बघायला लावलं. मला काही कळलं नाही, नुसती वळवळ. तेव्हा सोजर खुर्चीवरून उठली.

"मला दावा की, डाक्टरसाहेब."

डॉक्टर जरा बिचकले. मग बाजूला झाले. तिनं एक डोळा मिटला, दुसरा लावला आणि लई वेळ बघत राहिली.

"ही तर एकमेकाला धरूनच बसल्यात. पुढं कुणी जायलंच न्हाय."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी मला विचारलं, लहानपणी तिथं मार लागला होता का? मी म्हणालो, सोळाव्या वर्षी गोऱ्ह्यानं लाथ घातली होती, पंधरा दिवस सूज होती. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. शरीर आपलं बी कुलूपबंद खोलीत ठेवतं. रक्तातल्या पहारेकऱ्यांनी ते कधी बघितलेलं नसतं. लाथेनं भिंतीला तडा गेला, बी पहारेकऱ्यांच्या नजरेला पडलं, त्यांना वाटलं चोर शिरले. तेव्हापासून धरपकड चालू आहे. आपलंच रक्त, आपलंच बी.

सोजर म्हणाली, "म्हंजी भावकीच की. घर एक, बांध एक, आन् एकमेकाला हलू देत न्हाईत."

डॉक्टर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, "मी पंचवीस वर्षं शिकवतोय, पण इतक्या सोप्या भाषेत मला सांगता आलं नाही." त्या माणसाच्या डोळ्यात तिच्याबद्दल आदर दिसला. मला तेव्हा तो कळला नाही. मी लाजेनं मेलो होतो.

औषध म्हणजे बारक्या पांढऱ्या गोळ्या. हार्मोन हा शब्द तिथं पहिल्यांदा ऐकला. डॉक्टर म्हणाले, ह्या जातीचा रस आपल्या शरीरातही बनतो, गोळीनं तो जास्तीचा द्यायचा, म्हणजे पहारेकरी काही दिवस गुंगीत राहतील. सकाळी चार, संध्याकाळी चार, बाईच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून दहा दिवस. पुढं दोन दिवस एकेक, मग बंद. पुढच्या पाळीला पुन्हा चालू. गोळी पोटाला बाधते, रिकाम्या पोटी घ्यायची नाही. "आणि लेकरू होईलच असं मी सांगत नाही," ते म्हणाले. "काहींना होतं. पुष्कळांना होत नाही."

परतीच्या एसटीत तुळजापूरचा घाट चढताना मी तिला म्हणालो, "घरी सांगू नकोस. कुणालाच."

ती खिडकीतून बाहेर बघत होती. 'बघू' म्हणाली नाही. "बरं," म्हणाली.

तीन महिने गोळ्या खाल्ल्या. तोंड भाकरीवाणी फुगलं. कारखान्यावर माणसं म्हणायची, साखर चोरून खातो. सोजर म्हणायची, "पुनवेचा चांद आणलाय घरी, उजेड काय पडायला न्हाय." चौथ्या महिन्यात डॉक्टरांकडं गेलो तर त्यांनी सहज विचारलं, दिवस कसे मोजता? सोजरनं सांगितलं, न्हाल्यापासून.

आमच्याकडं तेव्हा बाई बाजूला बसली की चार दिवस पडवीत. कशाला शिवायचं नाही, घरात यायचं नाही. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हायली की मग ती घरात आली आणि तिचा महिना तिथून सुरू झाला. सगळ्या बायका असंच मोजायच्या. गोळ्यांची पेटी घरात, ती पडवीत. म्हणून तिनं पहिला ठिपका न्हाल्याच्या दिवशी लावला आणि मला त्या दिवशी पहिली गोळी दिली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. पहिला दिवस म्हणजे पाळी येते तो दिवस, बाई. तीन महिने वाया गेले होते.

सोजर कपाळाला हात लावून बसली नाही. एसटी स्टँडवर भजी खात म्हणाली, "चार दिवस माझे आन् दहा दिवस तुमचे आता संगटच चालायचे. गोळ्यांची पेटी पडवीत येणार."

पेटी पडवीत आली. आता पहिले चार दिवस ती लांबून गोळ्या फेकायची, मी धोतराच्या सोग्यात झेलायचो. आई विचारायची, ह्ये काय चाललंय? सोजर म्हणायची, पोटाच्या गोळ्या हायत, आत्याबाई, डाक्टरनं दिल्यात. माझी थोरली भावजय कौसावहिनी सोप्यातून बघायच्या आणि हसायच्या, नवरा-बायकू लगोरी खेळायलेत म्हणायच्या.

एका सकाळी मी कारखान्याच्या पाळीला निघालो होतो, घाई होती. तिनं चार फेकल्या, दोन झेलल्या, दोन उंबऱ्यापाशी शेणसड्यात पडल्या. पडवीत ती बसलेली, मधी उंबरा, ओसरीत आई तांदूळ निवडत होती. सोजर उठली. पेटीतून दोन गोळ्या काढल्या, उंबरा ओलांडला, घरात आली, चुलीपुढची भाकरी मोडून माझ्या हातात दिली आणि माझा तळहात धरून त्यावर गोळ्या ठेवल्या. म्हणाली, "खावा. आ करा."

आई किंचाळली. "बाटवलंस गं घर! देवाला शिवलीस, चुलीला शिवलीस, धन्याला शिवलीस!"

सोजर शांत. "आत्याबाई, गोमूत्र शिंपडा, मला शिंपडा, भिंतीला शिंपडा. म्या पुन्ना सारवते सगळं घर. पर गोळी येळेवर गेली पायजे."

"पोटाची गोळी गं? पोटाच्या गोळीपायी सोवळं मोडलंस?"

तेव्हा तिनं एक शब्द सांगितला असता तर आई गप बसली असती. 'तुमच्याच लेकापायी, तुमच्याच नातवापायी.' ती बोलली नाही. आईनं तिच्या डोक्यावर घागर ओतली. ती ओलीच उभी राहिली. त्या दिवसापासून ती बाजूला बसली नाही. चारी दिवस घरात वावरली, गोळी हातावर ठेवली, तोंड उघडून बघितलं. आमच्या आळीत ही चाल मोडणारी ती पहिली बाई. बाकीच्या बायकांनी मग हळूहळू मोडली. ती कशापायी मोडली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मला होतं, आणि मी मान खाली घालून भाकरी चावत होतो.

पुढं एका महिन्याला बारा दिवस वर गेले. तिनं काही सांगितलं नाही, पण भिंतीवर ठिपके वाढत चालले ते मला दिसत होते. आईनं न विचारता चिंचा आणून ठेवल्या. तेराव्या दिवशी सकाळी सोजरनं ओल्या फडक्यानं भिंत पुसली आणि पहिला ठिपका लावला. माझ्या हातावर चार गोळ्या ठेवल्या. "आ करा," म्हणाली. आवाज रोजचाच होता.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गोळीचा गुण होता का नुसती पाळी लांबली, मला सांगता येत नाही. खरं बोलणारा माणूस.

मग माझं पोट बिघडलं. चूक माझी. कारखान्यात पाळीवर असताना मी भाकरीचं फडकं न सोडता नुसत्या चहाबरोबर गोळ्या गिळायचो. एक दिवस बॉयलरपुढंच रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात आठ दिवस काढले. डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करून बंद करायला सांगितल्या. बंद झाल्या. पण घरी गोळ्यांची एक अख्खी बाटली उरली होती आणि मला हट्ट चढला. बारा दिवस वर गेले होते, म्हणजे रस्ता सापडला होता. मी म्हणालो, अजून दोन महिने बघू, डॉक्टरला काय कळतंय.

तिनं बाटली उचलली आणि चुलीत उपडी केली.

"अगं, येडी का खुळी!"

"लेकरू मला बी पायजे व्हतं," ती म्हणाली. "पर तुमचं पायजे व्हतं. तुमीच गेलाव तर म्या कुणाचं पाळू?"

"लोक तुला नावं ठेवतील जन्मभर."

"ठेवू द्या. माझ्या नावावर सातबारा न्हाय, घर न्हाय. येवढं एक तरी माझ्या नावावर असू द्या."

हे ती हसत म्हणाली. मला आजसुद्धा हसू येत नाही.

त्याच वर्षी आईनं माझ्या दुसऱ्या लग्नाचं काढलं. मुरूमकडची पोरगी, बाप गरीब, बोलणी जवळजवळ ठरली. मी नको नको म्हणत होतो, पण का नको ते सांगत नव्हतो. सोजर आईला म्हणाली, "बघू की, आत्याबाई." मला वाटलं आता ही घर सोडते. दोन दिवसांनी भावाकडं जाते म्हणून ती गेली आणि आली. आठवड्यात त्या पोरीच्या बापाचा निरोप आला की सोयरीक जमणार नाही. आमच्या घरात सुतक आल्यासारखं झालं. मग बाजारात एक ओळखीचा भेटला, त्याच्याकडून मला कळलं.

सोजर थेट त्या पोरीच्या घरी गेली होती. बापापुढं बसून पदर डोळ्याला लावून सांगून आली होती की माझा नवरा रोज दारू पितो, मला चाबकानं मारतो, पहिली बायको मी मरायला टेकले म्हणून दुसरी करायलाय.

मी दारूचा थेंब तोंडात घातलेला नाही. घरी येऊन मी भांडायला उभा राहिलो.

"माझी बदनामी करून आलीस?"

"मग काय खरं सांगून यायचं व्हतं?"

मी टोपी काढून खुंटीला लावली.

"त्या पोरीचा जल्म माझ्यावाणी जायला नको. आन् तुमचं नाव बी जायला नको. दोन्ही सांभाळायचं तर तुमाला दारुडं करावंच लागलं. चार महिन्यांत इसरतेत लोक दारू. दुसरं इसरत न्हाईत."

मुरूमच्या बाजारात मला पुढं दहा वर्षं कुणी उधारीवर काही दिलं नाही. पण मी तिच्याकडं त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं असं मला वाटतं. एवढीशी बाई. अक्षरशत्रू. आणि एका खोट्यात तिनं दोन माणसं वाचवली होती, त्यातली स्वतः ती नव्हती.

एकदाच माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पुतण्याच्या बायकोचं डोहाळजेवण. स्वयंपाक सगळा सोजरचा. अख्ख्या आळीत तिच्यासारखी पुरणपोळी कुणाला जमत नसे. ओटी भरायची वेळ आली, बायका रांगेनं चालल्या, सोजरही हात पुसत पुढं झाली. कौसावहिनी हळूच म्हणाल्या, "सोजर, तू पोळ्या वाढ." तेवढंच. सोजर माघारी वळली. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो. तोंड उघडलं. तिनं लांबून माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली, गप. मी गप बसलो. जगात मला कुणी भित्रा म्हणालेलं नाही. साहेबाला तोंडावर शिव्या दिलेला माणूस मी. पण त्या दिवशी मी तोंड मिटलं आणि पोळी खाल्ली.

तर आता ती गेली त्याच्या दुसऱ्या सकाळचं. तिचा भाऊ येईपर्यंत थांबलो होतो. तो आला. बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं. सवाष्ण गेली म्हणून मळवट भरला. गडी माणसं अंगणात. कुणीतरी बाई म्हणाली, "ओटी भरायची ना?"

कौसावहिनी म्हणाल्या, "लेकुरवाळीची भरत्यात, बाई. हिची कशाची? तशीच चालू द्या." वाईट मनानं नाही म्हणाल्या. रीत सांगितली.

मी उठलो.

"वहिनी, थांबा. वांझ ती न्हवती. दोष माझ्यात व्हता. सोलापूरच्या डाक्टरनं दुर्बिणीत दावला, तिनं सोताच्या डोळ्यानं बघितला. चाळीस वर्षं माझं नाव तिनं मिरवलं."

मागून एकजण म्हणाला, "काका, बसा. दुःखात हाव तुमी."

"दुःखात हाय. येडा न्हाय."

कौसावहिनी माझ्याकडं बघत होत्या. म्हाताऱ्या झाल्यात त्याही. म्हणाल्या, "भावजी, मग त्या गोळ्या? उंबरा ओलांडून आली ती? पोटाच्या म्हणली व्हती ती."

"पोटाच्या न्हवत्या."

वहिनी तिथंच खाली बसल्या. पदर तोंडावर घेतला.

मी आत गेलो. आदल्या दिवशीचा ज्वारीचा डबा चुलीपाशी तसाच होता. तो घेऊन आलो. एक बाई म्हणाली, ओटीला गहू लागत्यात, ज्वारी न्हाय. दुसरी म्हणाली, बाप्या माणसानं भरायची नसती, वहिनींना भरू द्या.

मी म्हणालो, "बघू."

वहिनींनी डोळे पुसले, पुढं सरकल्या आणि सोजरचा पदर दोन्ही हातांनी पसरून धरला. मी पाच ओंजळी घातल्या. सवयीनं प्रत्येक ओंजळ आधी अंगठ्यानं चाचपून बघितली. एकीतही खडा नव्हता.